पाय नसलेला पक्षी आणि पायाला बांधलेली चिठ्ठी: संग्रहालयातला पक्षी-क्युरेटर करतो तरी काय?

१७५८ साली लिनीयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने एका पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं: पॅराडाइझिया अपोडा. अपोडा म्हणजे बिनपायांचा. आज ग्रेटर बर्ड ऑफ पॅराडाइज म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी न्यू गिनीच्या जंगलात राहतो आणि त्याला चांगले धडधाकट दोन पाय आहेत. भानगड अशी झाली की, व्यापारासाठी कातडी तयार करणारे तिथले लोक पाय आधीच काढून टाकत. १५२२ मध्ये मॅगेलनच्या ताफ्यातलं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेलं एकमेव जहाज स्पेनला परतलं, तेव्हा त्यात अशी काही कातडी होती. ती पाहून युरोपातल्या लोकांनी ठरवून टाकलं की, या पक्ष्याला पायच नसतात. आता पाय नाहीत तर तो बसतो कुठे? कुठेच नाही! जन्मभर हवेत तरंगतो आणि दव पिऊन जगतो. चित्रकारांनीही त्याला तसाच रंगवला. त्याच सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने पायांचा उल्लेख केला होता, पण तो कोणी मनावर घेतला नाही. लिनीयसच्या काळापर्यंत खरं काय ते कळलेलं होतं, तरी नाव पडायचं ते पडलंच.

पक्षी-क्युरेटरच्या कामाची ओळख करून द्यायला मला यापेक्षा चांगली गोष्ट सापडत नाही. इथे कातड्याने दिशाभूल केली आणि चित्राने त्याचीच री ओढली. याच्या उलटही घडतं. कातड्यातून कायमची निघून गेलेली गोष्ट एखाद्या चित्रात टिकून राहते. मोठ्या जुन्या संग्रहालयांत पक्ष्यांचे लाखो नमुने असतात आणि पलीकडच्या दालनात पक्ष्यांची हजारो चित्रंही असतात. हे दोन साक्षीदार समोरासमोर आणून त्यांची उलटतपासणी घ्यायची, हे क्युरेटरचं काम. सरकारी मराठीत त्याला ‘अभिरक्षक’ म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातला राखणीचा अर्थ अगदी बरोबर आहे.

संग्रहालय म्हटलं की काचेमागे फांदीवर बसवलेला, पंख पसरलेला, काचेच्या डोळ्यांचा पक्षी आठवतो. तो प्रेक्षकांसाठी. क्युरेटरचा खरा संसार मागच्या बंद दालनात, लोखंडी कपाटांच्या उथळ खणांत असतो. खण ओढला की एकाच जातीचे वीस-तीस पक्षी उताणे, पंख मिटून, ओळीने निजलेले दिसतात. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. याला अभ्यास-नमुना म्हणतात. पोटावर छेद देऊन आतलं शरीर काढून घ्यायचं, कवटीचा पुढचा भाग, पंखांची आणि पायांची काही हाडं ठेवायची, आत कापूस भरायचा आणि टाके घालायचे. पक्षी जिवंत दिसावा असा प्रयत्नच नसतो. एकावर एक ठेवून तुलना करता यावी, मोजमाप घेता यावं, एवढाच हेतू.

आणि हे नमुने मोजके नसतात. ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह ट्रिंग या गावी आहे. तिथे सुमारे सात लाख कातडी आहेत. न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पक्ष्यांचे नमुने दहा लाखांच्या घरात जातात. त्यातले सुमारे २,८०,००० एकट्या वॉल्टर रॉथशील्डचे. या धनाढ्य हौशी संग्राहकाला १९३२ मध्ये पैशांची निकड आली आणि आयुष्यभर जमवलेला बहुतेक पक्षीसंग्रह विकावा लागला. एकाच चिमणीचे दोनशे नमुने कशाला हवेत, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर सोपं आहे. नर, मादी, पिल्लू, पिसं झडण्याच्या दिवसांतला पक्षी, डोंगरावरचा, किनाऱ्यावरचा, शंभर वर्षांपूर्वीचा, कालचा, हे सगळे शेजारी ठेवल्याशिवाय ‘चिमणी’ म्हणजे नेमकं काय ते कळत नाही.

यात सगळ्यात मोलाचं काय? पिसं नव्हेत, ती चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, कधी, कोणी मिळवला, नर की मादी, वजन किती, डोळ्याचा रंग कोणता. चिठ्ठी हरवलेला नमुना म्हणजे कापूस भरलेली शोभेची वस्तू. गॅलापागोसहून आणलेल्या लहान पक्ष्यांवर तर दस्तुरखुद्द डार्विनने बेटांची नावं नीट लिहिली नव्हती. १८३७ मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने ते पक्षी तपासून सांगितलं की, हे वेगवेगळ्या कुळांतले नाहीत, एकाच गटातल्या वेगवेगळ्या जाती आहेत. त्यानंतर कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे शोधायला डार्विनला सहप्रवाशांच्या संग्रहांकडे धाव घ्यावी लागली. २००९ मध्ये ट्रिंगहून २९९ कातडी चोरीला गेली. चोर होता संगीताचा एक विद्यार्थी आणि त्याला हवी होती मासेमारीच्या गळाला आमिष म्हणून बांधायच्या शोभिवंत नकली किड्यांसाठी रंगीत पिसं. बरीच कातडी परत मिळाली, पण त्यांतल्या पुष्कळांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. म्हणजे पक्षी परत आले, माहिती गेली ती गेलीच.

चिठ्ठी खोटी असेल तर त्याहून वाईट. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रानपिंगळ्याचं. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८७३ मध्ये विज्ञानाला कळला, मोजके नमुने जमले आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. अपवाद फक्त रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नमुन्याचा. त्यावर गुजरातेतलं ठिकाण आणि १९१४ साल लिहिलेलं होतं. पक्षी शोधायला निघालेले लोक स्वाभाविकच या सर्वांत ताज्या नोंदीवर विसंबले आणि रिकाम्या हाताने परतले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी हे नमुने बारकाईने तपासले. तो नमुना मूळचा खानदेशातला, जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला होता. माइनर्त्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि त्यावर नवी चिठ्ठी बांधली. पण आतमध्ये पहिल्या हाताच्या खुणा शिल्लक राहिल्या होत्या. ही खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांवर शोध घेतला गेला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत भेटला. संग्रहालयाच्या खणात लागलेला शोध मैदानात खरा ठरण्याची इतकी देखणी उदाहरणं फार नाहीत.

‘हाताच्या खुणा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. चित्रांचा जाणकार सही न पाहताही कुंचल्याच्या फटकाऱ्यावरून चित्रकार ओळखतो. मुरलेला क्युरेटरही टाक्यांवरून, मान वळवण्याच्या पद्धतीवरून, कापसाच्या भरणीवरून नमुना कोणी तयार केला ते सांगतो. दोन्ही ठिकाणी नजर एकाच पद्धतीने घडते. कलेची आवड असलेला माणूस या नोकरीत रमतो याचं मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

आता कातडं काय विसरतं ते पाहू. पिसांचे रंग ढोबळमानाने दोन प्रकारचे. काही रंगद्रव्यांमुळे येतात. काळा-तपकिरी मेलॅनिनमुळे, हळद्यासारखा पिवळा आणि अनेक लाल छटा कॅरोटिनॉइडमुळे. काही रंग मात्र द्रव्याचे नसतातच. खंड्याचा निळा हा पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. रचना शाबूत असेपर्यंत हा निळा टिकतो, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा खंड्याही खणात झळकतो. कॅरोटिनॉइडचे रंग उजेडात फिके पडतात. जुनी काळी-करडी पिसं कालांतराने तांबूस होत जातात. हा बदल लक्षात न घेता ‘इथले पक्षी जास्त तांबूस आहेत’ म्हणून नवी उपजाती जाहीर करण्याचा मोह पूर्वी अनेकांना झाला. प्रत्यक्षात तांबूसपणा जागेचा नसून वयाचा असतो आणि तोही पक्ष्याच्या नव्हे, नमुन्याच्या वयाचा.

पण सर्वांत आधी जातात ते पिसं नसलेल्या भागांचे रंग. चोच, पाय, डोळ्याभोवतीची कातडी काही तासांत मंदावू लागते, काही दिवसांत काळपट होते. डोळे तर काढूनच टाकलेले असतात. टूकनची चोच किंवा गिधाडाची रंगीत मान कातड्यावरून रंगवायला बसलात तर चुकलातच म्हणून समजा. लुई अ‍ॅगासिझ फ्युर्टेस हा अमेरिकन चित्रकार म्हणूनच मोहिमांवर जाई आणि पक्षी हाती आल्याबरोबर, रंग उडायच्या आत, त्याचं डोकं आणि पाय जलरंगात टिपून ठेवी. बाकीचं चित्र पुढे सावकाश करता येतं. डोळा थांबत नाही.

रंग टिपला, पण तो शब्दांत सांगायचा कसा? एकाचा ‘तांबूस’ तो दुसऱ्याचा ‘विटकरी’. या गोंधळावर तोडगा काढायला एक क्युरेटरच सरसावला आणि त्याची कारकीर्द या लेखाच्या विषयाला अगदी चपखल बसते. रॉबर्ट रिजवे इलिनॉयमधला पोरगा. १८६४ मध्ये, तेरा-चौदा वर्षांचा असताना, त्याने न ओळखता आलेल्या पक्ष्यांच्या जोडीचं रंगीत चित्र काढलं आणि थेट वॉशिंग्टनच्या पेटंट आयुक्तांना पाठवून विचारलं की, हा पक्षी कोणता? पत्र फिरत फिरत तिथल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या स्पेन्सर बेअर्ड यांच्यापर्यंत पोहोचलं. त्यांनी उत्तर दिलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे हाच मुलगा १८८० मध्ये स्मिथसोनियनचा पक्षी-क्युरेटर झाला आणि १९२९ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. १९१२ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने रंगांचा एक कोश छापला. त्यात १,११५ रंगांचे नमुने होते, प्रत्येकाला नाव. आता कोणीही चिठ्ठीवर रिजवेचं रंगनाम लिहिलं की जगाच्या दुसऱ्या टोकाला तोच रंग पाहता येई. पक्षीशास्त्रज्ञांइतकाच हा कोश टपाल तिकिटांच्या आणि बुरशीच्या अभ्यासकांनीही वापरला.

फ्युर्टेसचा शिष्य जॉर्ज मिक्श सटन याचंही नाव घ्यायला हवं. चित्रकार, मोहिमांवर भटकणारा, प्राध्यापक आणि क्युरेटर, सगळं एकाच माणसात. पण अशी दुहेरी माणसं विरळाच. बहुतेक क्युरेटर स्वतः चित्रं काढत नाहीत. ते चित्रं वाचतात.

आणि वाचावी लागतात, कारण चित्रंही बनवतात. डोडोचं आपल्या डोळ्यांसमोर येणारं ढेरपोटं रूप बरंचसं रूलांट साव्हेरी या सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या चित्रांतून आलं. हाडांच्या अभ्यासानुसार डोडो एवढा लठ्ठ नव्हता. त्याच काळात, १६२५ च्या सुमारास, जहांगीरच्या दरबारात उस्ताद मन्सूरने काढलेलं मानलं जाणारं डोडोचं चित्र आहे. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे आणि अभ्यासकांना ते जास्त विश्वासार्ह वाटतं. तिथला डोडो सडसडीत आहे आणि त्याच्या सोबतीला रेखाटलेले इतर पक्षी अचूक आहेत. चित्राची विश्वासार्हता तपासायची युक्ती यातच आहे: चित्रकाराने ओळखीचे पक्षी किती चोख काढलेत ते आधी पाहायचं, मग अनोळखी पक्ष्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं.

छापील चित्रांची तऱ्हा आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकातल्या भव्य पक्षीग्रंथांतली पानं दगडावरून काळ्या शाईत छापली जात आणि मग पगारी रंगारी एकेक पान हाताने रंगवत. जॉन गूल्डच्या ग्रंथांवर त्याचं एकट्याचं नाव झळकतं. प्रत्यक्षात सुरुवातीची कितीतरी चित्रं त्याची पत्नी एलिझाबेथ हिने दगडावर उतरवलेली आहेत आणि रंग भरणारे हात तिसऱ्याच कोणाचे. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पक्ष्याच्या छातीचा रंग वेगळा निघू शकतो. ‘मूळ रंग कोणता?’ असं कोणी विचारलं की क्युरेटर पुस्तक मिटतो आणि खण उघडतो.

कधीकधी मात्र उघडायला खणच नसतो. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक पक्ष्यांची वर्णनं केली ती निव्वळ चित्रांवरून. कलकत्त्यात तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून पक्ष्यांची चित्रं काढून घेतली होती, ती त्याने पाहिली. ऑस्ट्रेलियातून थॉमस वॉटलिंगची चित्रं आली, तीही. नव्या जातीचं नाव ज्या नमुन्याला बांधलेलं असतं त्याला प्ररूप म्हणतात. पुढे कधी वाद झाला तर सगळे त्याच्याकडे परत जातात. इथे कातडं नाही, म्हणून चित्रंच ती जागा घेतात. अशा वेळी कागदावरचा पक्षी कलावस्तूही असतो आणि वैज्ञानिक पुरावाही. तो कलादालनात ठेवायचा की पक्षीविभागात, यावर दोन विभागांत ओढाताण झाली तर नवल नाही.

चित्रकाराची नजर विज्ञानाला पुढेही नेते आणि खड्ड्यातही घालते. अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये दाखवलं की, बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं. वरून पडणाऱ्या उजेडाने पाठ उजळते, पोट सावलीत जातं; गडद-फिक्याची ही मांडणी त्या छायाप्रकाशाला खोडून काढते आणि उठाव नाहीसा होऊन प्राणी सपाट दिसतो. चित्रकार सपाट कागदावर उठाव आणतो. निसर्ग नेमकं उलटं करतो. हे चित्रकारालाच सुचायचं. मग थेअरला प्रत्येक रंगात लपणंच दिसू लागलं. फ्लेमिंगो गुलाबी का? तर सूर्योदय-सूर्यास्ताच्या आकाशात मिसळून जावा म्हणून! यावर अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने त्याची यथेच्छ खिल्ली उडवली.

रोजचं काम याहून बरंच रूक्ष असतं, हे सांगायला हवं. पत्रांना उत्तरं, जगभरच्या संशोधकांना नमुने उसने पाठवणं, परवान्यांची कागदपत्रं, चिठ्ठ्यांवरची जुनी अक्षरं लावून संगणकात नोंदी. डीएनएसाठी कोणाला पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा हवा असतो; द्यायचा की नाही हे ठरवावं लागतं, कारण दिलेला तुकडा परत येत नाही. डर्मेस्टिड भुंगेऱ्यांवर पहारा ठेवावा लागतो. गंमत म्हणजे हाडं साफ करायला हेच किडे पेटीत पाळतात आणि तेच कातड्यांच्या खणात शिरले तर अनर्थ करतात. जुनी कातडी हाताळताना हातमोजे घालतात, कारण ती टिकवायला सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरत. आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांतही सोमलच असे. तेव्हा पक्षी आणि पक्ष्याचं चित्र, दोघंही विषारी निघण्याची शक्यता असते. जलरंगातली चित्रं प्रदर्शनात मांडायची तर उजेड पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे चांगलाच मंद ठेवावा लागतो. प्रेक्षक अंधाराची तक्रार करतात. करू द्यावी.

या नोकरीत शिरायचं कसं? साधारण वाट अशी: प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्रातली पदवी, मग बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट. पण निवड करणारे त्याहून जास्त पाहतात ते संग्रहात केलेलं प्रत्यक्ष काम. स्वयंसेवक म्हणून चिठ्ठ्या उतरवल्या आहेत का, नमुना तयार करता येतो का, दुर्गंधी सोसते का. मोठ्या संस्थांत क्युरेटर आणि संग्रह-व्यवस्थापक ही पदं वेगळी असतात. पहिल्याकडून संशोधनाची अपेक्षा असते, दुसऱ्याकडून नमुन्यांच्या काळजीची. मला विचाराल तर दुसऱ्याला नमुने जास्त ओळखीचे असतात. जागा थोड्या असतात आणि माणसं पदावर दीर्घकाळ टिकतात, म्हणून वाट पाहण्याची तयारी हवी. कलेची बाजू कोणी शिकवत नाही. ती स्वतःच कमवावी लागते: छपाईच्या पद्धती, कागद, रंगद्रव्यं, चित्रकारांच्या सवयी. रेखाटन जमत असेल तर उत्तम, कारण काढायला बसल्यावर जे दिसतं ते नुसतं पाहताना दिसत नाही.

आणि कलेच्या अभ्यासाचा उपयोग किती अनपेक्षित असू शकतो ते सांगतो. अमेरिकेतल्या औद्योगिक पट्ट्यातले जुने पक्षी काजळीने मळलेले आहेत, हे क्युरेटरना ठाऊक होतं. २०१७ मध्ये शेन डुबे हा पक्षीशास्त्रज्ञ आणि कार्ल फुल्डनर हा छायाचित्रकलेच्या इतिहासाचा अभ्यासक यांनी १३५ वर्षांतल्या तेराशेहून जास्त पक्ष्यांची छायाचित्रं एकाच पद्धतीने घेतली, पोटाच्या पिसांवरून किती उजेड परावर्तित होतो ते मोजलं आणि त्यातून हवेतल्या काजळीचा इतिहास मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काजळी आधीच्या अंदाजांपेक्षा जास्त होती, असं त्यांना दिसलं. ते पक्षी जमवणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न कधीच आला नसेल. तसंच डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश अभ्यासकांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी तपासली, तेव्हा १९४७ च्या सुमारापासून कवचं पातळ झाल्याचं कळलं. डीडीटीचा वापर सुरू झाला तोच हा काळ. अंडी जमवणाऱ्यांनी ती निव्वळ छंदापायी जमवली होती.

म्हणून नमुने गोळा होणं आजही थांबलेलं नाही, फक्त बंदुकीची जागा बऱ्याच अंशी अपघातांनी घेतली आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये डेव्हिड विलार्ड १९७८ पासून उंच इमारतींच्या काचांवर आपटून मेलेले स्थलांतरित पक्षी गोळा करत आले. त्यांतल्या सत्तर हजारांहून जास्त पक्ष्यांच्या मोजमापांवरून २०१९ मध्ये दिसलं की, चाळीस वर्षांत पक्ष्यांचे पाय आखूड आणि पंख किंचित लांब झाले आहेत.

असा एखादा पक्षी सकाळी टेबलावर येतो. अजून ताजा असेल तर क्युरेटर आधी सुरीला हात लावत नाही. दिव्याखाली पापणी वर करून बुबुळ पाहतो, शेजारी रंगपट्टी ठेवून फोटो घेतो आणि जलरंगांची डबी जवळ असेल तर कागदाच्या कपट्यावर रंगाचा ठिपका जुळवून पाहतो. नारिंगी, पण आतल्या कडेला पिवळं. तेवढं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहितो. मग पोटावर छेद जातो, डोळे निघतात आणि त्यांच्या जागी कापूस बसतो.